पहिली क्रूझ किती रात्रींची घ्यावी? मुंबईच्या एम्प्रेसवर राहून आल्यावर माझं मत

सरळच सांगते, पहिल्यांदाच क्रूझला जाताय आणि मुंबईहून निघताय तर दोन रात्रींचं पॅकेज घेऊ नका. तीन रात्री चालतील, पण रजा आणि बजेट बसत असेल तर चार किंवा पाच रात्रींचं लक्षद्वीपवालं घ्या. आमच्या ऑफिसात, नातेवाइकांत, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे उलटा हिशोब चालतो, की आधी दोन रात्रींची छोटी करून बघू, आवडली तर मग मोठी. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं, पण जहाजावर राहून आल्यावर मला ते पटत नाही, आणि का ते नीट लिहिते कारण बुकिंग करताना हे कोणी सांगत नाही, व्हॉट्सॲपवर नुसतं रेटकार्ड येतं आणि त्यात सगळ्यात वर सगळ्यात स्वस्त आकडा असतो.

आधी जहाजाबद्दल. मुंबईहून सध्या नियमित जाणारी मोठी क्रूझ म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया नावाने चालते, पण जहाज 1990 सालचं आहे, फ्रान्समधे सां-नाझेरला बांधलेलं, तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस आणि मालक रॉयल कॅरिबियन. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट म्हणजे हे जहाज मुळातच मायामीहून बहामाजला तीन-चार रात्रींच्या ट्रिपा करायला म्हणून बांधलं होतं. त्यामुळे केबिन छोट्या आणि एकत्र बसायच्या जागा, थिएटर, डेक मोठे. लांबी दोनशे दहा मीटरच्या आसपास, अकरा डेक, साधारण अठराशे माणसं मावतात. म्हणजे सिंगापूरहून सुटणाऱ्या अवाढव्य जहाजांसारखं नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला ही साइज बरी पडते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठून कुठे जायचं ते पाठ होतं आणि आईबाबा एकटे फिरायला गेले तरी हरवत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. क्रूझच्या जाहिरातीत रात्री मोजतात आणि आपण घरी बसून दिवस मोजतो, तिथे सगळा गोंधळ होतो. दोन रात्री तीन दिवस असं छापलेलं असतं. पहिला दिवस म्हणजे काय, तर दुपारी बॅलार्ड पिअरला पोचायचं, बॅगा टॅग लावून द्यायच्या, चेक-इन, सिक्युरिटी, मग बोर्डिंग. केबिन मिळते, थोडं खाता, तेवढ्यात सेफ्टी ड्रिलची घोषणा. हे ड्रिल चुकवता येत नाही आणि चुकवूही नये, 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली त्यानंतर नियम कडक झाला की जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या लगेच ड्रिल झालंच पाहिजे. ते उरकलं की संध्याकाळ झालेली असते. शेवटचा दिवस तर धरूच नका, सकाळी नाश्ता करून उतरायचंच असतं, आणि त्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, बिल क्लिअर करायचं, म्हणजे ती रात्रही अर्धी आवराआवरीत जाते. तर जेवढ्या रात्री त्यातून एक वजा करा, तेवढेच पूर्ण दिवस हातात येतात. दोन रात्रींत एक दिवस. तीनमधे दोन, पाचात चार. पाच रात्री म्हणजे दोन रात्रींच्या अडीच पट असं आपण धरतो पण पूर्ण दिवस चौपट मिळतात, आणि क्रूझला आपण जातो ते या पूर्ण दिवसांसाठीच.

बरं, तो एक दिवस तरी कसा असतो? दोन रात्रींच्या ट्रिपेत बहुतेक वेळा कुठलंच बंदर नसतं. जहाज मुंबईहून निघतं, खोल समुद्रात जातं, तिथे फिरतं आणि परत येतं, हाय सीज म्हणतात त्याला. त्या एका दिवसात माणूस सगळं करायला धावतो, पूल, रॉक क्लाइंबिंग, जादूचे प्रयोग, बॉलिवूडचा शो, बुफे, मुलांचे खेळ, डेकवरचा डीजे. आणि हे असं धावून आलेला माणूस घरी येऊन म्हणतो की क्रूझ म्हणजे पाण्यावरचं रिसॉर्ट, त्यात काय एवढं. त्याचं बरोबर आहे कारण त्याला मिळालं तेवढंच. आम्ही लोणावळ्याला जाऊन हेच केलं असतं असं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण जहाजावर राहण्याची जी गंमत आहे ती यांच्या वाट्याला आलेलीच नसते.

बोट लागणं हा दुसरा मोठा विषय. आमच्याकडे आईला घाटात गाडी लागते म्हणून सगळ्यांचं म्हणणं होतं की कमीत कमी रात्रींची घ्या, त्रास झाला तर लवकर सुटका. पण यात शरीराचा हिशोब वेगळा असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना तर केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, या भांडणातून मळमळ होते, आणि मेंदूला ते जुळवून घ्यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे दोन रात्रींच्या ट्रिपेत ज्याला त्रास होतो तो सवय व्हायच्या आतच उतरतो आणि आयुष्यभर सांगतो की मला बोट लागते. आईला पहिल्या रात्री थोडं गरगरलं, दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढली, त्यानंतर ती आमच्यापेक्षा जास्त वेळ डेकवर होती. डॉक्टरांना विचारून ॲव्होमिन घेतली होती, ती मळमळायच्या आधी घ्यायची असते, सुरू झाल्यावर तितका उपयोग होत नाही. पर्समधे आलेपाक होता, पोट रिकामं ठेवलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घेतली. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्याने डावी-उजवी डोलणं कमी होतं, पुढे-मागे होणं मात्र त्याने थांबत नाही, म्हणून मध्यावरची केबिन. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते आणि झोपायला छान अंधार असतो, पण ज्यांना लागण्याची भीती आहे त्यांना खिडकीची घ्या, क्षितिज दिसलं की बरं वाटतं.

आता तीन रात्रींची गोव्याची. ही वाईट नाही. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी मुरगाव बंदरात, दिवसभर गोवा, संध्याकाळी परत जहाजावर, आणि वेळापत्रक चांगलं असेल तर परतीला एक दिवस समुद्रात. पण गोवा आपण सगळे इतक्यांदा करतो की लोक विचारतात एका दिवसात गोव्यात काय बघणार. बागा-कलंगुटच्या मागे लागू नका एवढंच सांगेन, मुरगाव दक्षिणेला आहे, उत्तरेकडे जाऊन यायचं म्हणजे दिवस टॅक्सीतच जातो. आमच्या ग्रुपमधल्या एका कुटुंबाने छान केलं, त्यांचं कुलदैवत मंगेशी, ते सकाळी उतरून थेट देवळात गेले, अभिषेक केला, तिथून म्हार्दोळला म्हाळसेचं आणि कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन घेऊन वेळेत परत. ज्यांचे कुलदेव गोव्यात आहेत, आणि आपल्याकडे अशी घरं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी तीन रात्रींची ट्रिप हा एकदम मस्त योग आहे, घरातल्या वयस्कर माणसांना रात्रभर बसचे धक्के नाहीत. फक्त परत यायची वेळ पाळा. जहाज सुटायच्या बरंच आधी सगळ्यांनी आत असावं लागतं आणि उशीर झाला तर ते तुमच्यासाठी थांबत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो लक्षद्वीपच्या ट्रिपेत. ती चार रात्रींची असते किंवा मधे गोवा किंवा कोची धरून पाच, सीझनप्रमाणे बदलतं, बुकिंगच्या वेळी तारखांसमोर नीट बघून घ्या. यात मुंबईहून निघाल्यावर एक पूर्ण दिवस नुसता समुद्र असतो. या दिवसाचीच लोकांना भीती वाटते, दिवसभर पाणी बघून करायचं काय, आणि हाच दिवस सगळ्यात सुंदर निघाला. सकाळी उठायची घाई नाही कारण कुठे पोचायचंच नाहीये. मोबाइलची रेंज किनारा सुटल्यावर थोड्या वेळात गेलेली असते, जहाजावरचं वायफाय पैसे देऊन मिळतं, आम्ही मुद्दामच घेतलं नाही. (फोन एअरप्लेन मोडवर टाकाच, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल बघून डोळे पांढरे होतात.) नवरा, जो घरी जेवतानाही लॅपटॉप उघडतो, तो सकाळी चहा घेऊन रेलिंगपाशी बसला तो जेवायलाच उठला. मुलं बारा वाजेपर्यंत पूलमधे होती, मग कंटाळली, आणि कंटाळल्यावर आजोबांपाशी जाऊन बसली, पत्ते काढले. हे असं सगळं घर एकत्र आणि कोणालाच कुठे जायचं नाही असं आमच्याकडे दिवाळीतही होत नाही. पाण्याचा रंग दर दोन तासांनी बदलत होता, मुंबईपाशी मातकट, मग हिरवट, आणि पुढे असा गडद निळा की मुलगी विचारायला लागली यात शाई टाकलीये का.

आणि बाबा. बाबांचं गाव वेंगुर्ल्याकडचं, त्यांच्या लहानपणी गावी जायचं ते आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावरून. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत बोट जायची, डेकवर आधी चादर टाकून जागा धरायची आणि रात्रभर तिथेच झोपायचं. बऱ्याच बंदरांना धक्का नव्हता, बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं. लक्षद्वीपला नेमकं तेच असतं. ही बेटं प्रवाळाची, भोवती उथळ लगून, मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, ते बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीतून आपल्याला बेटावर नेतात. बोटीत उतरताना हात द्यायला माणसं असतात पण बोट हलत असते, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी याचा विचार करून ठेवा. आम्ही बाबांना म्हटलं तुम्ही जहाजावरच थांबा हवं तर, तर ते म्हणाले, "अगं, पडावात उतरायला मला कोण शिकवणार?" आणि आमच्या आधी उतरले. समुद्र खवळलेला असेल तर मात्र हे उतरणं रद्द होऊ शकतं, कुठल्याही कंपनीचं जहाज असलं तरी कॅप्टनचा शब्द शेवटचा, म्हणून मनाची तयारी ठेवून जा. बेटावर गेल्यावर पाणी इतकं स्वच्छ की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं दिसतात. तिथल्या जेवणात नारळ आणि ट्यूना. बेटांवर दारूबंदी आहे, बांगारामचा अपवाद सोडून, तेव्हा जहाजावरून काही घेऊन उतरू नका.

पैशाचं बोलूया कारण शेवटी सगळे तिथेच अडतात. दोन रात्रींचा आकडा छोटा दिसतो पण त्यात काय काय नाही ते बघा. भाडं माणशी असतं, तेही एका केबिनमधे दोघं धरून. वर पोर्ट चार्जेस, जीएसटी, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, जी माणशी दर रात्रीची असते. आता आम्ही पुण्याचे, म्हणजे मुंबईला यायचं-जायचं भाडं, बोर्डिंग चुकायला नको म्हणून एखादी रात्र मुंबईत, हा खर्च दोन रात्रींना जेवढा तेवढाच पाच रात्रींना. तो दोनाने भागायचा की पाचाने, तुम्हीच ठरवा. शिवाय दोन रात्रींच्या ट्रिपा बऱ्याचदा वीकेंडला असतात आणि वीकेंडचा रेट चढा असतो. प्रत्येक पूर्ण दिवसामागे किती पडतं हे कागदावर मांडलंत की लांब ट्रिप महाग वाटत नाही. मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण भाड्यातच येतं, शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळतं, सासूबाईंचं कांदालसूण नाही तरी त्यांचे हाल झाले नाहीत. स्पेशालिटी रेस्टॉरंट, ड्रिंक्स, बेटावरची सहल, हे सगळं वेगळं. एजंटकडून 'सगळं धरून फायनल किती' हे लेखी घ्या. आमच्या ओळखीतल्या एकांना एका एजंटने आधी बिनटॅक्सचा आकडा सांगितला होता आणि पैसे भरायच्या दिवशी तो बराच फुगला.

गर्दीचाही फरक पडतो. शुक्रवार ते रविवारची छोटी ट्रिप म्हणजे बॅचलर पार्ट्या, कंपन्यांचे ग्रुप, रात्री उशिरापर्यंत डीजे. हे जगात सगळीकडेच असं असतं, ट्रिप जेवढी छोटी तेवढी पार्टी जास्त. तुम्हाला तेच हवं असेल तर दोन रात्री तुमच्यासाठीच आहेत, मित्रमैत्रिणींबरोबर खुशाल जा, मजा येईल. पण आईबाबा, सासूसासरे, लहान मुलं असा लवाजमा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांची लांब ट्रिप शांत असते, आणि लांब ट्रिपेत शो बघायची घाईही नसते, आज दमलो तर उद्या काहीतरी असतंच.

मग सात रात्री का नको? माझ्या मते पहिल्याच वेळी, तेही लहान मुलं घेऊन, सात रात्री जरा जास्त होतात. याला अपवाद म्हणजे जिथे जागाच तशी आहे. अलास्काला जाणार असाल तर बहुतेक क्रूझ सात रात्रींच्याच असतात आणि तसंच हवं, हिमनद्या काही वीकेंडला बघून होत नाहीत. भूमध्य समुद्रातही तेच, रोज नवं बंदर असतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी बायोनच्या केप लिबर्टीहून सुटणारी पाच रात्रींची बर्म्युडा सांगितली, तिला विमान नको, घरून गाडीने बंदरावर. फ्लोरिडाकडच्यांना तीन-चार रात्रींच्या बहामाज ढिगाने मिळतात, त्यात चार बघा. आणि सिंगापूरची ट्रिप आधीच ठरली असेल तर तिथून तीन किंवा चार रात्रींची पेनांग-फुकेतवाली जोडून घ्या. तिथली जहाजं प्रचंड आहेत, जेंटिंग ड्रीम तीनशे पस्तीस मीटर लांब, त्यामुळे हलणं कमी जाणवतं, आणि भारतीय जेवण मिळतं. क्रूझहून परत सिंगापुरात शिरायचं असतं म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते तपासा.

कोणीतरी विचारेल की अंग्रियाने गेलो होतो, ते धरायचं का. 2018 ला सुरू झालेली ती मुंबई-गोवा बोट फार छान कल्पना होती, कान्होजी आंग्र्यांचं नाव, संध्याकाळी मुंबई सकाळी गोवा, पण तो एका रात्रीचा प्रवास होता, त्यावरून आपल्याला क्रूझ झेपते का नाही ते ठरवू नका. ती बंद पडली, जलेश कंपनीची कर्णिका ही क्रूझ 2019 ला आली आणि 2020 मधेच थांबली, त्यामुळे मुंबईकरांना आज पर्याय मोजकेच आहेत. 2025 च्या सप्टेंबरमधे बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालंय, सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ, आता तरी आणखी जहाजं यावीत असं मनापासून वाटतं.

तारखा निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, अरबी समुद्र तेव्हा शांत असतो. मे अखेरीपासून खवळायला लागतो, पावसाळ्यात एम्प्रेस चेन्नईकडे जाते आणि तिथून श्रीलंकेच्या ट्रिपा करते, त्यांना पासपोर्ट लागतो. गोव्याला आधार कार्ड वगैरे पुरतं. लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही परमिट लागतं, त्याचे फॉर्म बुकिंगबरोबर भरून घेतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यात बुकिंग करू नका आणि घरातल्या सगळ्यांच्या आधारवरची नावं तिकिटावरच्या नावांशी जुळतात का ते आत्ताच बघून घ्या, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची.